एनएमआरने रचना ठरवणं: लवंगेच्या युजेनॉलवर पहिला सराव

लवंगेचं तेल वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढणं हा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांमधला जुना प्रयोग आहे. वाफेबरोबर आलेलं तेल डायक्लोरोमिथेनमध्ये घ्यायचं, सोडियम हायड्रॉक्साइडच्या ५ टक्के द्रावणाने त्यातलं फिनॉल पाण्याच्या थरात ओढायचं, आम्ल घालून ते परत मोकळं करायचं, पुन्हा डायक्लोरोमिथेनमध्ये घ्यायचं, निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवायचं आणि सॉल्व्हंट उडवायचा. हाती फिकट पिवळं, लवंगेच्या वासाचं तेल येतं आणि बाटलीवर ‘युजेनॉल’ अशी चिठ्ठी लागते.

वासावरून रचना सिद्ध होत नाही. मास स्पेक्ट्रममध्ये १६४ हा रेणुभार दिसला तरी सी१०एच१२ओ२ हे सूत्र एकट्या युजेनॉलचं नाही. बाजूच्या साखळीतला दुहेरी बंध एक घर सरकला की आयसोयुजेनॉल होतं, तेही सिस आणि ट्रान्स असं दोन प्रकारचं. हायड्रॉक्सी आणि मिथॉक्सी यांनी रिंगवरच्या जागा बदलल्या की होतं चॅव्हिबेटॉल, म्हणजे विड्याच्या पानाच्या तेलात सापडणारं भावंड. या चौघांतला एक एनएमआरने, म्हणजे न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्सने, पक्का करायचा आहे. स्पेक्ट्रम आपल्या मनातल्या रचनेशी जुळला, एवढ्यावर काम संपत नाही. तो बाकीच्या तिघांशी जुळत नाही हेही दाखवावं लागतं, आणि नवख्यांचं काम नेमकं तिथेच अर्धवट राहतं.

आधी कागदावर

सूत्र मिळालं की असंतृप्ततेचा अंक काढा: कार्बनची दुप्पट अधिक २, त्यातून हायड्रोजन वजा, भागिले २. इथे (२० + २ − १२) ÷ २ = ५. बेंझीन रिंगचे ४ गेले, उरला १, म्हणजे एक दुहेरी बंध किंवा आणखी एक रिंग. ऑक्सिजन या हिशेबात येत नाही. टीएलसीवर (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) एकच ठिपका आहे ना, म्हणजे पदार्थ एकच आहे ना, तेही पाहून घ्या. मिश्रणाचा स्पेक्ट्रम वाचता येतो, पण तो पहिला धडा नव्हे.

तत्त्व थोडक्यात. हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, चुंबकीय क्षेत्रात ठरावीक वारंवारतेला रेडिओलहरी शोषतं. ९.४ टेस्लाच्या चुंबकात ही वारंवारता सुमारे ४०० मेगाहर्ट्झ असते, म्हणून त्या मशीनला ‘४००चं मशीन’ म्हणतात. केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन क्षेत्राचा थोडा भाग अडवतात, त्यामुळे रेणूतल्या जागेनुसार प्रत्येक प्रोटॉनची वारंवारता किंचित सरकते. हीच केमिकल शिफ्ट. टेट्रामिथाइलसिलेनचा सिग्नल शून्य धरून ती पीपीएममध्ये मोजतात.

भौतिकशास्त्रज्ञ ब्लॉक आणि पर्सेल यांना १९५२चं नोबेल मिळालं ते केंद्रकांचं चुंबकत्व अचूक मोजण्याच्या पद्धतीसाठी. एकाच केंद्रकाची वारंवारता संयुगागणिक बदलते, ही अशा मोजमापात कटकटच होती. रसायनशास्त्राला मात्र घबाड सापडलं. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी एथिल अल्कोहोलचे तीन प्रकारचे हायड्रोजन तीन वेगळ्या सिग्नलांत दाखवले. यातल्या एस. एस. धर्मट्टी यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचं काम उभं केलं.

सॅम्पल तयार करणं

खराब निघालेल्या स्पेक्ट्रमचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, चुंबकात नाही. म्हणून हा भाग घाईने करू नका.

सॉल्व्हंट ड्युटेरेटेड लागतो, म्हणजे त्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हवं. कारणं दोन. साध्या सॉल्व्हंटमधले प्रोटॉन सॅम्पलच्या कित्येक पट असतात आणि सगळं झाकून टाकतात. शिवाय मशीन ड्युटेरियमच्या सिग्नलवर नजर ठेवून क्षेत्र स्थिर राखतं, त्याला लॉक म्हणतात. युजेनॉलला सीडीसीएल३, म्हणजे ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म, उत्तम. ते स्वस्त आहे, चटकन उडतं आणि सॅम्पल परत मिळतं. ध्रुवीय, क्लोरोफॉर्ममध्ये न विरघळणाऱ्या पदार्थांना डीएमएसओ-डी६ चालतो, पण त्याचा उत्कलनबिंदू १८९ अंश सेल्सिअस आहे. थोडंसंच मौल्यवान सॅम्पल असेल तर त्यात घालण्याआधी दोनदा विचार करा. ड्युटेरेटेड मिथेनॉल किंवा जड पाणी वापरलं तर ओएच आणि एनएच यांचे प्रोटॉन ड्युटेरियमशी अदलाबदल करून दिसेनासे होतात, हे ध्यानात असू द्या.

सीडीसीएल३ची बाटली उजेडात पडून जुनी झाली की त्यात किंचित आम्ल तयार होतं. युजेनॉलला त्याचं काही वाटत नाही. पण अॅसिटल, ट्रिटिल ईथर, नाजूक इपॉक्साइड अशा गोष्टी ट्यूबमध्येच तुटतात, आणि विद्यार्थी ‘माझी अभिक्रिया फसली’ म्हणून बसतो. असं सॅम्पल असेल तर पाश्चर पिपेटमध्ये थोडं बेसिक अॅल्युमिना भरून सॉल्व्हंट त्यातून गाळून घ्या.

प्रमाण: प्रोटॉनसाठी ५ ते १० मिलिग्रॅम, कार्बनसाठी ३० ते ५० मिलिग्रॅम, दोन्ही ०.६ मिलिलिटर सॉल्व्हंटमध्ये. १० मिलिग्रॅम युजेनॉल म्हणजे साधारण १० मायक्रोलिटर, एका थेंबाहूनही कमी. ‘जास्त घातलं तर सिग्नल जास्त’ हा हिशेब प्रोटॉनमध्ये उलटतो: द्रावण दाट झालं की रेषा रुंदावतात आणि रिसिव्हर भरून वाहतो.

मग क्रम असा:

१. तेल वजन केलेल्या छोट्या व्हायलमध्ये घ्या आणि डायक्लोरोमिथेन पुरतं घालवा. ४० अंशांना उकळणारा सॉल्व्हंटही तेलात चिवटपणे अडकून राहतो. थोडं क्लोरोफॉर्म घालून रोटाव्हॅपवर दोनदा उडवलं की उरलेलं सोबत निघून जातं. मग पंपावर ठेवा, पण तापवू नका. युजेनॉल स्वतःही थोडं थोडं उडतं.

२. व्हायलमध्येच ०.६ मिलिलिटर सीडीसीएल३ घालून हलवा. द्रावण नितळ दिसलं पाहिजे. गढूळ असेल तर पाणी किंवा सोडियम सल्फेटचे कण आहेत.

३. काचेच्या पाश्चर पिपेटमध्ये कापसाचा छोटा बोळा घट्ट बसवा आणि द्रावण त्यातून थेट ट्यूबमध्ये गाळा. तरंगता एक कणही शिमिंग, म्हणजे द्रवभर क्षेत्र एकसारखं करणं, बिघडवतो. प्लास्टिकचा ड्रॉपर वापरू नका, आणि द्रावण रबरी बल्बपर्यंत चढू देऊ नका. क्लोरोफॉर्म प्लास्टिक मऊ ठेवणारे थॅलेट ओढून घेतं, मग ७.५ ते ७.७ आणि ४.२च्या आसपास भलतेच सिग्नल येतात.

४. ट्यूब ५ मिलिमीटर व्यासाची, ७ इंच लांब. द्रव तळापासून ४ ते ४.५ सेंटिमीटर उंच हवा. कमी भरलं तर द्रवाची वरची कड मोजणाऱ्या कॉइलजवळ येते आणि काही केल्या शिमिंग जमत नाही. जास्त भरलं तर सॉल्व्हंट वाया जातो, आणखी काही नाही.

५. टोपण लावा, ट्यूब धागे न सोडणाऱ्या कागदाने बाहेरून पुसा, तोंडाला तडा आहे का पाहा. कागदी लेबल चिकटवू नका. एका बाजूला चिकटवलेल्या कागदाने फिरणारी ट्यूब डगमगते. टोपणावर मार्करने लिहिलेलं पुरतं.

तुमच्या महाविद्यालयात मशीन नसेल आणि पवईच्या आयआयटीतल्या ‘सैफ’सारख्या केंद्राकडे सॅम्पल पाठवायचं असेल, तर ते वाळवून व्हायलमध्ये पाठवा, द्रावण भरलेल्या ट्यूबमध्ये नाही. सोबतच्या कागदावर सॉल्व्हंट, वजन, अपेक्षित रचना आणि कोणते प्रयोग हवेत हे लिहा. ‘एनएमआर काढून द्या’ एवढंच लिहिलं तर साधा प्रोटॉन स्पेक्ट्रम येईल, आणि पुढे लागणारा प्रयोग पुन्हा रांगेत जाईल.

चुंबकाजवळ

चुंबक कायम चालू असतं, मशीन ‘बंद’ दिसलं तरीही. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने ५ गॉसच्या रेषेच्या आत जायचं नाही. किल्ल्या, लोखंडी स्पॅनर, बँकेची कार्डं बाहेर ठेवा. गॅसचा सिलिंडर तर दारातूनही आत नेऊ नका. चुंबकाचं वेटोळं द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांना असतं. ते अचानक तापलं, म्हणजे क्वेंच झालं, तर हेलियम उफाळून खोलीतला ऑक्सिजन हटवतं. तेव्हा काहीही वाचवायला न थांबता बाहेर पडायचं.

ट्यूब स्पिनरमध्ये घाला आणि मापपट्टीच्या खोबणीत ठेवून खोली जुळवा: द्रवाचा मध्य कॉइलच्या मध्याच्या खुणेवर यावा, पण ट्यूबचं बूड कमाल खोलीच्या रेषेखाली जाता कामा नये. मग आधी हवा चालू करायची, तिचा दाब हाताला जाणवला की ट्यूब हवेवर तरंगत ठेवायची आणि मगच सोडायची. हवा नसताना सोडलेली ट्यूब थेट खाली आदळते. तुटली तर प्रोब, म्हणजे कॉइल असलेला भाग, बाहेर काढून साफ करावा लागतो आणि मशीन दिवसभर बंद.

लॉक करताना सॉल्व्हंट नीट निवडा. सीडीसीएल३ऐवजी अॅसिटोन-डी६ निवडला तर मशीन तक्रार करत नाही; सगळा स्पेक्ट्रम निमूटपणे ५ पीपीएम सरकलेला येतो. त्यानंतर प्रोब ट्यून आणि मॅच करा, म्हणजे तो या सॅम्पलसाठी वारंवारतेला नीट जुळवा. वेगळा सॉल्व्हंट किंवा खारट द्रावण आलं की हे बदलतं, आणि न केल्यास रेडिओलहरींचा पल्स अपुरा बसून सिग्नल दुबळे येतात. पुढे येणाऱ्या डेप्ट आणि द्विमितीय प्रयोगांना तर याचा जास्तच फटका बसतो.

शिमिंग म्हणजे क्षेत्र सगळ्या द्रवभर एकसारखं करणं. आता बहुतेक मशीन ते आपोआप करतात, तरी निकाल डोळ्यांनी तपासा. टेट्रामिथाइलसिलेनची किंवा क्लोरोफॉर्मची रेष अर्ध्या उंचीवर १ हर्ट्झपेक्षा अरुंद आणि दोन्ही बाजूंनी सारखी हवी. क्षेत्र जुळवणाऱ्या शिमांना झेड१, झेड२ अशी नावं असतात. रेषेला एकाच बाजूला शेपूट असेल तर झेड२ किंवा झेड४ बिघडलाय; दोन्हीकडून सारखी फुगली असेल तर झेड१ किंवा झेड३. आणखी एक कसोटी फार उपयोगी पडते: प्रत्येक रेषेत तोच दोष दिसला तर दोष शिमिंगचा. एकच सिग्नल रुंद आणि बाकी टोकदार असतील तर ते रसायनशास्त्र आहे, बहुधा ओएच किंवा एनएच. सगळ्याच रेषा रुंद आहेत आणि शिमिंगने काही फरक पडत नाही, असं झालं तर द्रावणात लोह, तांबं, मँगनीज यांसारख्या धातूचे अवशेष आहेत का ते शोधा.

प्रोटॉनसाठी साधारण मापं: १६ स्कॅन, ३० अंशांचा पल्स, ४ सेकंद नोंद, १ सेकंद विश्रांती. दीड मिनिटात काम होतं. खिडकी उणे २ ते १४ पीपीएम ठेवा. नेहमीच्या अरुंद खिडकीत १२-१३ला येणारे आम्लाचे किंवा अंतर्गत हायड्रोजन बंधातले ओएच सुटतात. सिग्नल आणि खरखर यांचं गुणोत्तर स्कॅनच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे स्पेक्ट्रम दुप्पट चांगला हवा तर वेळ चौपट. क्षेत्रफळावरून शुद्धता मोजायची असेल तर विश्रांती ३० सेकंदांपर्यंत वाढवा. रिंगवरचे प्रोटॉन सहसा मिथॉक्सीच्या प्रोटॉनांपेक्षा सावकाश पूर्वस्थितीला येतात, आणि घाईत मोजले तर कमी भरतात.

प्रक्रिया

फूरिये रूपांतराआधी ०.३ हर्ट्झ लाइन ब्रॉडनिंग, मग फेज, मग बेसलाइन, मग संदर्भ (उरलेल्या क्लोरोफॉर्मची रेष ७.२६ला) आणि सगळ्यात शेवटी इंटिग्रेशन, म्हणजे सिग्नलांखालच्या क्षेत्रफळावरून प्रोटॉनांची संख्या काढणं. हा क्रम मोडू नका; फेज वाकडा, म्हणजे रेषांची बुडं वरखाली तिरकी, असताना काढलेलं क्षेत्रफळ खोटं असतं. फेज हाताने करताना एका टोकाची रेष शून्य-क्रमाच्या दुरुस्तीने सरळ करा, मग दुसऱ्या टोकाची पहिल्या क्रमाच्या दुरुस्तीने. ‘ऑटो’ बटणावर विसंबायला हरकत नाही, पण उभा अक्ष शंभर पट ताणून रेषांची बुडं एकदा पाहा.

सिग्नलांचं वाचन

शेजारच्या हायड्रोजनांमुळे सिग्नल अनेक रेषांत फुटतो, याला कपलिंग म्हणतात आणि ते हर्ट्झमध्ये मोजतात. एकच रेष असेल तर सिंगलेट, दोन असतील तर डबलेट, बऱ्याच असतील तर मल्टिप्लेट. सीडीसीएल३मध्ये युजेनॉलचा प्रोटॉन स्पेक्ट्रम असा येतो:

६.८५ – डबलेट, ८ हर्ट्झ, १ प्रोटॉन
६.६९च्या आसपास – एकमेकांवर पडलेले सिग्नल, २ प्रोटॉन
५.९६ – बऱ्याच रेषांचा मल्टिप्लेट, १ प्रोटॉन
५.५ – किंचित रुंद सिंगलेट, १ प्रोटॉन
५.०५ ते ५.१० – मल्टिप्लेट, २ प्रोटॉन
३.८७ – सिंगलेट, ३ प्रोटॉन
३.३२ – डबलेट, ६.७ हर्ट्झ, २ प्रोटॉन

बेरीज १२, सूत्राइतकीच. ही बेरीज न करता पुढे जाऊ नका. इंटिग्रेशनचा पाया म्हणून ३.८७चा मिथॉक्सी ३ धरा, कारण तो टोकदार आणि एकटा आहे. ओएच पाया म्हणून कधीही घेऊ नये.

तीन प्रोटॉनांचा ३.८७चा सिंगलेट म्हणजे ऑक्सिजनवरचा मिथाइल गट, शेजारी हायड्रोजन नाही. रिंगच्या प्रदेशात तीनच प्रोटॉन, म्हणजे रिंगवर तीन गट. ८ हर्ट्झचं कपलिंग म्हणजे रिंगवर शेजारी-शेजारी बसलेले दोन हायड्रोजन. एक घर सोडून बसलेल्यांचं कपलिंग २ हर्ट्झच्या आसपास भरतं, आणि ६.६९च्या गर्दीत तेही डोकावतं. कपलिंग हर्ट्झमध्येच मोजा: दोन रेषांमधलं पीपीएम अंतर गुणिले ४००. अंतर ०.०२ असेल तर ८ हर्ट्झ. हा आकडा मशीन बदललं तरी बदलत नाही. म्हणून ‘हे डबलेट आहे की दोन वेगळे सिंगलेट’ अशी शंका आली तर तेच सॅम्पल ५००च्या मशीनवर टाका. हर्ट्झमधलं अंतर तेच राहिलं तर डबलेट, वाढलं तर दोन सिंगलेट.

५.९६चा सिग्नल पाहून नवखे बिचकतात. ‘शेजारी अधिक एक’ इतक्या रेषा, हा पाठ केलेला नियम इथे लागत नाही, कारण सगळे शेजारी सारखे नाहीत. या प्रोटॉनला ट्रान्स शेजाऱ्याशी १७ हर्ट्झ, सिस शेजाऱ्याशी १० हर्ट्झ आणि सीएच२च्या दोघांशी प्रत्येकी ६.७ हर्ट्झ कपलिंग आहे. म्हणजे २ × २ × ३ = १२ रेषा. १७ आणि १० यांतला फरक ६.७च्या अगदी जवळ असल्याने मधल्या रेषांच्या दोन जोड्या एकमेकींवर पडतात आणि मोजायला गेलं की १० भरतात. कागदावर एकदा हे झाड काढून पाहा. त्यानंतर असा कुठलाही सिग्नल घाबरवत नाही.

इथेच आयसोयुजेनॉल बाद होतं. त्यात ३.३२चा सीएच२ नसता, त्याऐवजी १.८६च्या आसपास मिथाइल दिसला असता आणि ट्रान्स रूपात ६ ते ६.४मध्ये १६ हर्ट्झ कपलिंगचे दोन प्रोटॉन. टोकाचा =सीएच२, म्हणजे ५.०५ ते ५.१०चे दोन प्रोटॉन, सिस आणि ट्रान्स दोन्ही आयसोयुजेनॉलांत असूच शकत नाही.

५.५चा सिंगलेट ओएच आहे असं धरता येईल, पण डायक्लोरोमिथेन ५.३०ला येतं, आणि ओएचची जागा तीव्रता व ओलाव्यानुसार सरकते. नीट न उडवलेल्या सॅम्पलमध्ये दोन्ही शेजारी दिसतात आणि भलताच ओएच ठरवला जातो. परीक्षा सोपी आहे: ट्यूबमध्ये जड पाण्याचे १-२ थेंब घाला, टोपण लावून जोरात हलवा, थर वेगळे होऊ द्या आणि पुन्हा मोजा. जड पाणी क्लोरोफॉर्मवर तरंगतं, त्यामुळे कॉइलसमोर क्लोरोफॉर्मच राहतं. फक्त खाली काचेला थेंब चिकटलेले नाहीत ना ते पाहा. ओएच नाहीसा होतो, डायक्लोरोमिथेन जागचं हलत नाही.

नको असलेले पाहुणे

सीडीसीएल३मधल्या या जागा पाठच करा: पाणी १.५६, अॅसिटोन २.१७, इथाइल अॅसिटेट १.२६, २.०५ आणि ४.१२, हेक्झेन ०.८८ आणि १.२६, मिथेनॉल ३.४९, सिलिकॉन ग्रीज ०.०७. टेट्राहायड्रोफ्युरान किंवा ईथर वापरलं असेल तर त्यात स्थिरक म्हणून घातलेलं बीएचटी १.४३, २.२७ आणि ६.९८ला हजेरी लावतं.

लवंगेच्या तेलाचे स्वतःचेही सोबती आहेत. २.३चा सिंगलेट बहुधा युजेनिल अॅसिटेटचा, आणि ०.९ ते १.७मधले मिथाइल, सोबत ४.८ ते ४.९५मधले दोन छोटे सिग्नल, हे बीटा-कॅरियोफिलीनचे. दोन्ही तेलात मुळातच असतात आणि अल्कलीने वेगळं करताना कुचराई झाली की सोबत येतात.

पण प्रत्येक छोटा सिग्नल अशुद्धी नसतो. मिथॉक्सीच्या दोन्ही बाजूंना, ३.६९ आणि ४.०५च्या आसपास, मुख्य रेषेच्या अर्धा टक्का उंचीच्या दोन रेषा दिसतील. कार्बन-१३वर बसलेल्या १.१ टक्के मिथाइलांच्या त्या उपरेषा आहेत. ट्यूब फिरवत असाल तर फिरण्याच्या वेगाइतक्या, म्हणजे साधारण २० हर्ट्झ अंतरावरच्या जोड्याही येतात. वेग बदला, त्या सरकतील.

कार्बन आणि डेप्ट

कार्बन-१३ फक्त १.१ टक्के असतो आणि त्याचा सिग्नल मुळात दुबळा, म्हणून १०२४ स्कॅन आणि जवळपास एक तास धरा. युजेनॉलच्या दहा कार्बनांच्या दहा रेषा: १४६.४, १४३.९, १३७.८, १३१.९, १२१.२, ११५.५, ११४.३, १११.१, ५५.९ आणि ३९.९. ७७.१६ भोवतीच्या सारख्या उंचीच्या तीन रेषा सॉल्व्हंटच्या आहेत. उंचीवरून किंवा क्षेत्रफळावरून कार्बन मोजू नका. हायड्रोजन नसलेले कार्बन सावकाश पूर्वस्थितीला येतात आणि हायड्रोजनांकडून मिळणारी वाढ त्यांना मिळत नाही, त्यामुळे ते बुटके दिसतात. कधीकधी इतके की खरखरीत बुडतात. दहाच्या जागी आठ रेषा दिसल्या तर रचना बदलण्याआधी विश्रांतीचा काळ आणि स्कॅन वाढवून पाहा.

डेप्ट-१३५ हा कार्बनवर किती हायड्रोजन आहेत ते सांगणारा प्रयोग. त्यात सीएच आणि सीएच३ वर येतात, सीएच२ खाली, आणि हायड्रोजन नसलेले गायब. इथे ११५.५ आणि ३९.९ खाली जातात, १४६.४, १४३.९ आणि १३१.९ नाहीसे होतात. एरवी ११५.५ आणि ११४.३ यांतला कुठला रिंगचा आणि कुठला साखळीच्या टोकाचा, हे शिफ्टवरून सांगताच आलं नसतं.

युजेनॉल की चॅव्हिबेटॉल

आतापर्यंतचा सगळा पुरावा दोघांनाही लागू पडतो. तेच गट, तेवढेच हायड्रोजन, तशीच कपलिंग. शिफ्टमधला फरक इतका बारीक की छापील आकड्यांशी ताडून ‘जुळतंय’ म्हणणं धाडसाचं. प्रश्न एकच उरतो: मिथॉक्सीच्या शेजारी रिंगचा कुठला हायड्रोजन आहे?

एक उत्तर एनओई, म्हणजे न्यूक्लियर ओव्हरहाउझर इफेक्ट, देतो. अवकाशात साधारण ५ अँग्स्ट्रॉमच्या आत असलेले प्रोटॉन एकमेकांच्या तीव्रतेवर परिणाम करतात, बंधांची साखळी मध्ये असो वा नसो. ३.८७ची रेष निवडून एकमितीय एनओई घ्या, मिक्सिंगचा काळ ०.५ ते १ सेकंद. युजेनॉलमध्ये मिथॉक्सीच्या शेजारचा हायड्रोजन हा साखळीच्याही शेजारचा आहे, म्हणून वाढ ६.६९ला दिसते. चॅव्हिबेटॉलमध्ये मिथॉक्सी साखळीच्या थेट समोर असल्याने ती ८ हर्ट्झच्या, साखळीपासून दूरच्या डबलेटला मिळाली असती. ६.६९ला दोन प्रोटॉन एकत्र आहेत याने इथे बिघडत नाही, कारण त्यातला दुसरा कुठल्याच ऑक्सिजनच्या शेजारी नाही. मोजण्याआधी द्रावणातून नायट्रोजन किंवा अरगॉनचे बुडबुडे सोडा. विरघळलेला ऑक्सिजन एनओई खाऊन टाकतो. आणि रेणुभार १००० च्या आसपास गेला की एनओई शून्याजवळ येते, तेव्हा ‘काही दिसलं नाही’ याचा अर्थ ‘जवळ नाहीत’ असा घ्यायचा नाही. तिथे रोझी हा वेगळा प्रयोग लागतो.

दुसरं उत्तर एचएमबीसी या द्विमितीय प्रयोगातून, आणि ते पहिल्यावर अवलंबून नाही. हा प्रयोग दोन-तीन बंध दूरचे हायड्रोजन आणि कार्बन जोडून दाखवतो. ३.८७ची ओळ १४६.४च्या कार्बनला लागते, म्हणजे मिथॉक्सी त्या कार्बनवर. आता हा कार्बन रिंगच्या कुठल्या हायड्रोजनशी ठळक जोडलाय ते पाहा. बेंझीन रिंगमध्ये तीन बंधांची जोड दोन बंधांपेक्षा ठळक असते. १४६.४ची जोड ६.८५शी, आणि १४३.९ची ६.६९शी दिसली, तर मिथॉक्सीवाला कार्बन साखळीच्या समोरचा नाही, समोर ओएच आहे. म्हणजे युजेनॉल. चॅव्हिबेटॉल असतं तर मिथॉक्सीच्या कार्बनचीच जोड ६.६९शी ठळक दिसली असती.

एचएमबीसी वाचताना दोन सापळे आहेत. एका बंधाची जोड पूर्ण गाळली जात नाही. ती १२५ ते १६० हर्ट्झ अंतरावरच्या ठिपक्यांच्या जोडीसारखी दिसते आणि प्रोटॉनच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बसते, रेषेवर नाही. तो पुरावा मानू नका. दुसरं, रिंग आणि दुहेरी बंधांच्या प्रदेशात अधूनमधून चार बंधांचाही फिका ठिपका येतो. म्हणून एकाच फिक्या ठिपक्यावर रचना उभी करू नका.

कोझी आणि एचएसक्यूसी हे आणखी दोन द्विमितीय प्रयोग युजेनॉलमध्ये सरळ आहेत. कोझी ३.३२, ५.९६ आणि ५.०७ यांना एका माळेत दाखवतो, आणि एचएसक्यूसी कुठला हायड्रोजन कुठल्या कार्बनवर ते सांगतो. रेणू मोठा असेल तर मात्र सुरुवात एचएसक्यूसीपासूनच करा. तोच पुढच्या सगळ्या वाचनाचा तक्ता बनतो.

नोंद आणि आवराआवर

अहवालात मशीनची वारंवारता, सॉल्व्हंट, संदर्भरेषा आणि मग उतरत्या क्रमाने शिफ्ट, प्रकार, कपलिंग, प्रोटॉनांची संख्या लिहा: ‘प्रोटॉन एनएमआर (४०० मेगाहर्ट्झ, सीडीसीएल३): ६.८५ (डबलेट, जे = ८.० हर्ट्झ, १एच)…’ शिफ्ट प्रोटॉनसाठी दोन दशांश, कार्बनसाठी एक, कपलिंगला एक. कपलिंग करणाऱ्या दोन्ही सिग्नलांत तोच आकडा यायला हवा, ३.३२मध्ये ६.७ आणि ५.९६मध्ये ७.४ लिहिलं असेल तर कुठेतरी मोजणी चुकली आहे. छापील चित्राबरोबर मूळ एफआयडी फाइलही (फूरिये रूपांतराआधीचा कच्चा सिग्नल) जपा, नंतर फेज किंवा खिडकी पुन्हा करता येते.

सॅम्पल पाश्चर पिपेटने परत काढून व्हायलमध्ये उडवा. ट्यूब आधी क्लोरोफॉर्मने, मग अॅसिटोनने दोन-तीनदा धुवा. क्रोमिक आम्ल वापरू नका. काचेवर उरलेलं क्रोमियम पुढच्या माणसाच्या रेषा रुंद करतं. वाळवताना ट्यूब सपाट ट्रेमध्ये आडवी ठेवा. गरम ओव्हनमध्ये तिरकी टेकवून ठेवलेली ट्यूब किंचित वाकते आणि मग फिरताना थरथरते. अॅसिटोनचा वास पूर्ण जाईपर्यंत टोपण लावू नका, नाहीतर पुढच्या स्पेक्ट्रममध्ये तो २.१७ला उभा असतो.